वर न येणारी जागा

स्कार्पो बेट, २२ ऑगस्ट २०१६

प्रिय आस्टा,

फोन करत नाही. फोनवर तू बोलतेस, मी हो हो म्हणतो, आणि ठेवल्यावर मला आठवत नाही की मी कशाकशाला हो म्हणालो. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं. टपालाला आता पाच दिवस लागतात हे मला माहीत आहे. त्यावरून तू शिव्या घालून घे, तोवर मी मुद्द्यावर येतो.

आपल्या वयाच्या सगळ्यांना सरकार ती शौच तपासायची नळी पाठवतं ना, ती मलाही आली. नमुना पाठवला, त्यात रक्त निघालं. गेल्या मंगळवारी बोटीने पलीकडे जाऊन तिथल्या लहान हॉस्पिटलात स्कोप करून घेतली, ती मागून कॅमेऱ्याची नळी घालून करतात ती. डॉक्टर लिन्हार्ट म्हणून तरुण माणूस होता, वागायला चांगला. मी कुशीवर पडून पडद्याकडे बघत होतो. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, बाहेरच्या दारापासून चार-पाच बोटांवर, एक चपटा पॉलिप आहे, आतल्या अस्तरावरची वाढ. देठ नाही, डोकं नाही, नुसता भिंतीला चिकटून पसरलेला, सहा सेंटिमीटर रुंद. त्याचे काही तुकडे काढून तपासायला दिले. त्यात कॅन्सर दिसला नाही. पण एवढा मोठा आणि एवढा खाली म्हणून शुक्रवारी सर्जनने बोलावलं आणि सांगितलं की आतड्याचा तो भागच कापून काढू. पाच ऑक्टोबरची तारीख दिली. मग एक नर्स आली. तिने मला उभं केलं, बसवलं, वाकवलं आणि पोटावर पेनाने फुली मारली. इथे पिशवी येईल म्हणाली, शौचासाठी. जमलं तर काही महिन्यांपुरती, नाही जमलं तर कायमची.

ती फुली अजून गेलेली नाही. मी घासून बघितली.

मला मरायची भीती वाटत नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. वाटते. पण पिशवीची जास्त वाटते. माझी ग्रेटे गेल्यापासून या रिकाम्या घरात माझ्या दिवसात एकच गोष्ट अशी आहे जिच्यासाठी मी अंथरुणातून उठतो. ऑक्टोबर ते एप्रिल, रोज सकाळी सातला आम्ही पाच म्हातारे धक्क्यावर कपडे उतरवतो, गार पाण्यात उतरतो आणि मग त्या लाकडी खोलीत वाफ घेत मांडीला मांडी लावून बसतो. तिथे चड्डी घालून येणाऱ्याला आम्ही पर्यटक म्हणतो. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. त्या बाकावर मी पोटाला पिशवी चिकटवून बसू? शेजारी बसणारा क्रेस्टन काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

तू माझी बहीण, आणि एकतीस वर्षं स्कोपच्या विभागात नर्स म्हणून लोकांच्या मागल्या दाराने आत बघण्यात घालवलीस. दुसरा काही मार्ग आहे का, एवढंच सांग.

वेर्नर


आर्हुस, २७ ऑगस्ट

वेर्नर,

आहे. मार्ग आहे, आणि तो त्या सर्जनने तुला सांगितला नाही याचा मला इतका संताप आला की पहिलं पत्र मी फाडून टाकलं. त्यात नुसत्या शिव्या होत्या.

पाच ऑक्टोबरला तू त्या टेबलावर झोपणार नाहीस. चपट्या पॉलिपात कॅन्सर खोल गेलेला नसेल तर तो आतूनच काढता येतो, पोटाला हात न लावता. आतड्याच्या भिंतीला थर असतात. पॉलिपच्या खाली सुईने द्रव टोचला की वरचा थर फुगून वर येतो आणि पॉलिपही त्याच्याबरोबर उचलला जातो. मग बारीक सुरीने कडेकडेने, खालून सोडवत सोडवत, अख्खा एका तुकड्यात काढायचा. तू जन्मभर शिडं शिवलीस, तुला हे कुणी शिकवायला नको. दोन कापडं चिकटली असतील तर आधी मध्ये बोट घालून ती सोडवावी लागतात, तरच वरचं कापताना खालचं फाटत नाही. तीन-चार तास लागतात आणि हे काम येणारे थोडे आहेत. आमच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात तोफ्तेबाई आहेत. हेच शिकायला त्या दोन वर्षं जपानला जाऊन राहिल्या. मी निवृत्त होण्याआधी सहा महिने त्यांच्या हाताखाली उभी होते. बाई बोलत नाहीत, हसत नाहीत, पण हात सोन्याचे आहेत. त्यांना मी आजच लिहिलं.

आता एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर नीट दे. लिन्हार्टने ते तुकडे कशाने काढले? चिमट्याने दोन-चार कण घेतले, की तारेचा फास टाकून पॉलिप कापायलाच घेतला? अर्धवट कापलं की खाली वण धरतो. वण त्या थरांना एकमेकांशी चिकटवून टाकतो, आणि मग कितीही द्रव टोचा, ती जागा वर येत नाही. असा अर्धवट हात लावलेला पेशंट आला की तोफ्तेबाईंचं तोंड बघवायचं नाही.

आस्टा


स्कार्पो, ५ सप्टेंबर

प्रिय आस्टा,

मोठ्या हॉस्पिटलाचं पत्र आलं. २१ सप्टेंबर, सकाळी दहा. तोफ्तेबाई आधी बघणार आणि जमण्यासारखं असेल तर त्याच दिवशी काढणार. पाच ऑक्टोबरचं ऑपरेशन लहान हॉस्पिटलाने पुढे ढकललंय. तुझे आभार. मी हे सहसा लिहीत नाही, तेव्हा जपून ठेव.

तुकड्यांचं विचारलंस. थोडे काढले. मी मोजले नाहीत, माझं लक्ष नव्हतं.

माझं डोकं वेगळ्याच गोष्टीने फिरलंय. त्या जुलाबाच्या औषधाची अर्धी बाटली आदल्या संध्याकाळी प्यायची आणि अर्धी पहाटे पाचला. माझी बोट साडेसहाची. प्रवास सत्तर मिनिटांचा. बोटीवर संडास दोन, त्यातला एक ऑगस्टपासून बंद, दारावर कागद चिकटवलाय. हे वेळापत्रक ज्याने बसवलं तो जन्मात कधी बेटावर राहिलेला नसणार. मी फोन करून विचारलं, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, आदल्या दिवशीच या आणि कुणा नातेवाइकाकडे राहा. म्हणजे तुझ्याकडे. मी आत बसणार आणि तू दार वाजवून प्रगती विचारणार. त्यापेक्षा बोट बरी.

इथे कुणाला काही सांगितलेलं नाही. धक्क्याच्या पायऱ्यांना नव्या फळ्या ठोकतोय. क्रेस्टन विचारतो, यंदा एवढी घाई कसली? मी म्हटलं, तुझं वजन वाढलंय.

वेर्नर


आर्हुस, १० सप्टेंबर

वेर्नर,

पॉलिपची रुंदी सेंटिमीटरमध्ये सांगतोस आणि तुकड्यांकडे लक्ष नव्हतं म्हणतोस. बरं. तोफ्तेबाई आत बघतील तेव्हा कळेलच.

माझ्याकडेच ये. दार वाजवणार नाही. पाहिजे तर मी बागेत जाऊन बसते.

आणि हे नीट वाच. पाच दिवस आधीपासून बिया, दाणे, सालं यांतलं काहीही पोटात जाता कामा नये. टोमॅटो नाही, काकडी नाही, द्राक्षं नाहीत, मक्याचे दाणे नाहीत. एक बी त्या नळीत अडकली की पाणी ओढणं बंद पडतं आणि पाच माणसं हात चोळत उभी राहतात. एकतीस वर्षं मी ती नळी मोकळी करत आले, त्यामुळे मला त्यातलं कळतं. हे तुझ्या कागदावरही छापलेलं असेल. चष्मा लाव आणि वाच.

आस्टा


स्कार्पो, २३ सप्टेंबर

आस्टा,

झालं नाही. त्या दिवशी तुझ्याकडे परत न येता सरळ बोट गाठली, कारण तुला तोंड दाखवायची इच्छा नव्हती. तू फोन करत होतीस ते दिसत होतं.

मी टोमॅटो खाल्ला नाही. काकडी खाल्ली नाही. क्रेस्टनच्या बायकोने द्राक्षं दिली ती शेजारणीला देऊन टाकली. जुलाबाची बाटली थेंब न सांडता प्यायलो, तू साक्षीला होतीसच. तरी तोफ्तेबाईंनी नळी आत घातली आणि तिसऱ्या मिनिटाला कुठलीशी शिट्टी वाजायला लागली. नळी तुंबली. त्यांनी ती बाहेर काढली, धुतली, पुन्हा घातली. पुन्हा तुंबली. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही रोज सकाळी काय खाता? मी म्हटलं, पाव. कुठला पाव? काळा पाव, दुसरा कुठला.

आस्टा, माणूस सत्तर वर्षं रोज तोच पाव खातो. त्यावर लिव्हरचं वाटण लावतो. त्यात जवस आहे आणि सूर्यफुलाच्या बिया आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मला तो पावच वाटत होता. बिया खाणं म्हणजे पक्ष्यासारखं मूठभर घेऊन खाणं, अशी माझी समजूत. तुझ्या यादीत टोमॅटो होता, काकडी होती, मका होता. काळा पाव नव्हता. त्यांच्या कागदावर होता, तिसऱ्या ओळीत. बाईंनी तिथे बोट ठेवून दाखवला.

तिथे उभी असलेली नर्स म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, महिन्यातून एक तरी असा येतो. मला त्याने बरं वाटलं नाही.

पुढची तारीख १८ ऑक्टोबर. जाता जाता बाईंनी आत जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि विचारलं, इथे आधी कुणी फास टाकून कापलंय का? मधोमध वण दिसतोय. मी विचारलं, कपडे घालू का?

वेर्नर


आर्हुस, २८ सप्टेंबर

वेर्नर,

काळ्या पावाबद्दल मी आज बोलणार नाही. पत्र वाचल्यापासून मला हसू की रडू हे ठरवता आलेलं नाही. यादीत तो मी लिहिला नाही ही माझी चूक. पाव बंद करा असं मी आयुष्यभर शेकडो लोकांना तोंडी सांगितलं आणि सख्ख्या भावाला लिहायला विसरले.

पण वण. म्हणजे त्या लिन्हार्टने फास टाकलाच. मला पहिल्या दिवसापासून संशय होता आणि तू लक्ष नव्हतं म्हणून सांगत राहिलास. सहा सेंटिमीटरचा चपटा पॉलिप दिसल्यावर शहाणा माणूस काय करतो? फोटो काढतो, हात मागे घेतो आणि ज्याला जमतं त्याच्याकडे पाठवतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगतात. या गृहस्थाला हौस आली. कापायला घेतलं, रक्त आलं, घाबरला, सोडून दिलं. वर जे लिहून दिलं ते काय, तर तुकडे काढले.

मी त्यांच्या विभागप्रमुखाला आजच पत्र टाकलंय, आणि पेशंटांच्या तक्रारी घेणाऱ्या मंडळाचा फॉर्मही भरलाय. नाव, तारीख, सगळं. खाली तुझी सही लागते, फॉर्म सोबत पाठवतेय. सही कर आणि उलट टपाली पाठव. तुझ्या पोटावर पिशवी आली तर ती त्या माणसामुळे येईल, आणि ते त्याला कळलं पाहिजे.

आस्टा


स्कार्पो, ४ ऑक्टोबर

आस्टा,

फॉर्म चुलीत घातला. विभागप्रमुखाला टाकलेलं पत्र मागे घे, आजच्या आज.

तुला हे सांगायचं नव्हतं. पहिल्या पत्रातही सांगणार नव्हतो आणि आत्ताही सांगितलं नसतं, पण तू त्या पोराच्या नोकरीवर उठलीयस.

जूनमध्ये आपली उन्हाळ्यातली मोठी शेकोटी पेटते त्या संध्याकाळी तुझ्या अंगणात जेवायला बसलो होतो. तिथे शौच तपासणीचा विषय निघाला. तू हातात ग्लास घेऊन सगळ्यांसमोर म्हणालीस, काही सापडलं तर सरळ सांगायचं, आत्ताच्या आत्ता काढा. मी एकतीस वर्षं बघितलंय, डॉक्टर लोकांना पुढच्या पुढे ढकलायची सवय असते, माणूस हेलपाटे घालून थकतो, तुम्ही हटून बसा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

लिन्हार्ट हात मागे घेत होता, आस्टा. त्याने फोटो काढले आणि म्हणाला, हा मोठा आहे, इथे हात लावत नाही, मी तुम्हाला पुढे पाठवतो. मी म्हटलं, पुन्हा बोट, पुन्हा ती बाटली, मला जमणार नाही. माझी बहीण याच कामात एकतीस वर्षं होती, ती म्हणते तिथल्या तिथे काढून टाकतात. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला. नर्स त्याच्याकडे बघायला लागली आणि त्याने फास मागवला. दोन तुकडे निघाले, रक्त आलं, तो थांबला. घाम पुसत मला सॉरी म्हणाला. सॉरी त्याने म्हणायचं नव्हतं.

हे तुझ्यावर येऊ नये म्हणून गप्प होतो. तू हटून बसायला सांगितलंस ते खरं, पण हटून बसलो मी.

वेर्नर


आर्हुस, ११ ऑक्टोबर

प्रिय वेर्नर,

पत्र मागे घेतलं. लिन्हार्टला वेगळं पत्र लिहिलं, माफीचं. त्याचं उत्तर आलेलं नाही आणि यायला हवं असंही नाही.

ते मी म्हणाले होते. मला शब्दन्‌शब्द आठवतंय, आणि तुझं पत्र उघडायच्या आधीही आठवत होतं, फक्त मी तिकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यात वाटाण्याएवढे पॉलिप होते. ते तिथल्या तिथेच काढतात, आम्ही दिवसाला वीस काढायचो. पण मी वाटाण्याएवढे असं म्हणाले नाही. मी काही सापडलं तर म्हणाले. मला चांगलं माहीत होतं की मोठ्या चपट्याला पहिला हात लावणारा पुढच्याचं काम अवघड करतो. तोफ्तेबाईंच्या शेजारी उभं राहून ते मी डोळ्यांनी बघितलंय. तरी म्हणाले.

का म्हणाले तेही सांगते. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. विभागातल्या पोरी दिवाळखोर कंपनीच्या जुन्या मॅनेजरकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. त्या संध्याकाळी सगळे माझ्याकडे बघून ऐकत होते आणि मला ते बरं वाटलं. एवढ्यासाठी.

अठराला मी येऊ का? तू नको म्हणालास तर येणार नाही.

आस्टा


स्कार्पो, २० ऑक्टोबर

प्रिय आस्टा,

नको म्हटलं आणि तू खरंच आली नाहीस, त्यामुळे मला सगळा वेळ चुकल्यासारखं वाटत होतं. फोनवर नुसतं पॉलिप निघाला एवढंच सांगितलं. बाकी आता.

पाच दिवस काळा पाव नाही. पांढरा पाव खाऊन माणूस कसा जगतो देव जाणे. हॉस्पिटलाशेजारच्या हॉटेलात राहिलो, बोटीचा प्रश्नच ठेवला नाही. नळी या वेळी एकदाही तुंबली नाही.

झोपेचं औषध दिलं होतं, पण अधूनमधून जाग यायची. पावणेचार तास लागले. कडेने सगळीकडे द्रव टोचला की ते निळं निळं होऊन फुगायचं, छान वर यायचं, आणि बाई खालून एकेक धागा सोडवल्यासारखं कापत जायच्या. मी डोळे किलकिले करून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ही बाई माझ्या कारखान्यात असती तर. मग मधली जागा आली. तिथे त्यांनी टोचलं आणि काही झालं नाही. पुन्हा टोचलं. द्रव बाजूने निसटून जायचा, मधली जागा तिथेच बसलेली. बाईंनी काहीतरी म्हटलं. तू म्हणतेस त्या बोलत नाहीत, पण तो शब्द मी बंदरावर ऐकलेला आहे. तिथे त्यांना वणातूनच कापावं लागलं. एवढ्याशा जागेला दीड तास गेला. भोक पडलं असतं तर तिथून सरळ ऑपरेशनला नेणार होते.

पण निघाला. अख्खा. त्यांनी तो बुचाच्या फळीवर चारी बाजूंनी टाचण्या लावून पसरला आणि मला दाखवला. बाई म्हणाल्या, आता तपासून येऊ दे, तीन आठवडे. दोन आठवडे पाण्यात उतरायचं नाही.

मी सकाळी किल्ली घेऊन जातो, दार उघडतो, भट्टी पेटवतो आणि बाहेर बसून राहतो. क्रेस्टन म्हणाला, पाण्याला घाबरायला लागलास का? मी हो म्हटलं.

वेर्नर


आर्हुस, २६ ऑक्टोबर

वेर्नर,

एका तुकड्यात निघाला म्हणजे तपासणाऱ्याला नीट वाचता येईल. कडा वाचता येतील. मधल्या जागेबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मला माहीत नाही, आणि माहीत नसताना बोलायचं मी आता बंद केलंय. जमतंय असं नाही. आज दोनदा तुला फोन लावायला घेतला आणि ठेवला.

आस्टा


स्कार्पो, १२ नोव्हेंबर

प्रिय आस्टा,

रिपोर्ट आला. तोफ्तेबाईंनी समोर बसवून सांगितलं.

कडा सगळ्या स्वच्छ आहेत. मधोमध, त्या वणाच्या जागी, मसुराएवढा कॅन्सर आहे. आता प्रश्न असा की तो किती खोल गेलाय. वरच्या वर असेल तर पॉलिपाबरोबर निघून गेला आणि विषय संपला. खोल असेल तर आजूबाजूला काही उरलेलं असू शकतं. आणि नेमकं तिथेच सगळं वणात मिसळून गेलंय, जळलंय, थर कुठला कुठला ते वाचता येत नाही. लहान हॉस्पिटलातले ते दोन तुकडे पुन्हा मागवून बघितले, त्यातही काही कळलं नाही. बाईंनी अजूनही काहीतरी सांगितलं, ते महत्त्वाचं नाही.

तेव्हा निवड माझी. एक तर दर तीन महिन्यांनी स्कोप आणि फोटो, आणि वाट बघणं. नाही तर ते ऑपरेशन, ज्याच्यापासून मी ऑगस्टपासून पळतोय. पिशवीसकट.

मी तीन-चार दिवस काहीच ठरवलं नाही. सगळ्यांवर चिडत होतो. बोटीवर तो संडास अजून बंद आहे, त्यावरून कप्तानाशी भांडलो. बाकी सगळ्याचा राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून तो बिचारा सापडला.

काल सकाळी पाण्यात उतरलो. मग बाकावर बसलो असताना त्या चौघांना सगळं सांगून टाकलं, पिशवीसुद्धा. भट्टीवर पाणी टाकायचंही कुणाला सुचेना. मग क्रेस्टनने विचारलं, ती तरंगते का? म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, तरंगत असेल तर चांगलं आहे, तू बुडाल्यावर शोधायला सोपं. ओवे मात्र हसला नाही. तो म्हणाला, दर तीन महिन्यांनी तू निकालाची वाट बघत इथे बसणार आणि आम्ही तुझं ते तोंड बघणार? त्यापेक्षा आम्ही पिशवी बघू.

मला एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं बहुतेक. मी ऑपरेशन करून घेतोय. मोठ्या हॉस्पिटलात, ३० नोव्हेंबरला. पिशवी थोड्या दिवसांपुरती की कायमची ते आत गेल्यावर ठरेल. रडू येतं मधूनमधून, ते मी त्या चौघांना सांगितलं नाही, तुला सांगतोय.

या वेळी तू ये. सर्जनशी बोलायला आत जाऊ तेव्हा माझ्याबरोबर बस. तू गप्प बस असं म्हणत नाही. फक्त माझं बोलून झाल्यावर बोल.

वेर्नर


आर्हुस, १७ नोव्हेंबर

प्रिय वेर्नर,

येते. मी स्वतःहून बोलणार नाही. तू माझ्याकडे बघितलंस तरच बोलेन.

तोफ्तेबाईंनी अजून काय सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. मी सहा महिने त्या खोलीत उभी होते, वेर्नर. असा रिपोर्ट आला की त्या काय म्हणतात ते मला तोंडपाठ आहे. हा पॉलिप कुणी हात न लावता माझ्याकडे आला असता तर किती खोल ते मी तुम्हाला एका वाक्यात सांगू शकले असते, आणि बहुतेक तुम्ही आज घरी गेला असता. आवाज न चढवता म्हणतात, रागावून नाही. मग पेशंटला रडू देतात.

ते तू एकट्याने ऐकून आलास, आणि मला लिहिताना महत्त्वाचं नाही म्हणालास.

माझ्यावर येऊ नये म्हणून आता काही लपवू नकोस. ते माझ्यावर आलेलं आहे आणि ते तिथेच असू दे.

ऑपरेशननंतर पहिली पिशवी मी बदलेन. नर्सला सांगून ठेव. नको म्हणू नकोस. पुढच्या तू बदल.

आस्टा